दादरचा रविवारचा साथरोगशास्त्राचा क्लास, अर्थात ‘पैकी’ मॅडम

पैशांचं आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. सहा रविवार, सकाळी १० ते १, फी २,४०० रुपये. नोट्सचे १५० वेगळे, आणि ते वेगळे आहेत हे पहिल्या रविवारी वर गेल्यावर कळतं. क्लास दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या सरांशी मला भांडण उकरून काढायचं नाही. नर्सिंगमधल्या कम्युनिटी हेल्थच्या पेपरला घाबरून दादरला भटकणाऱ्या मुलींना तो जिना सापडतोच.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून बारा वर्षं वॉर्डात काढली. आता पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री, करतेय. घर भांडुपला, मुलगा सातवीत, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर. एपिडेमिऑलॉजी, म्हणजे साथरोगशास्त्र, हे युनिट मी जीएनएमला पाठ करून पास झाले होते आणि पेपर दिल्यावर दुसऱ्या दिवशी विसरले होते. याआधी एका दुसऱ्या क्लासलाही पैसे घातले. तिथे एक सर व्याख्या लिहून द्यायचे आणि म्हणायचे, ‘‘एवढं शब्दशः लिहा, मार्क कुठे जात नाहीत.’’ एपि म्हणजे वर, डेमॉस म्हणजे लोक, लॉगॉस म्हणजे शास्त्र. झालं. लोकांच्या वर काय आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा या क्लासला आले ती फारशी आशा धरून नाही. जिन्यातच फ्लेक्स लावलाय: ‘आमच्या १८७ विद्यार्थिनी उत्तीर्ण!’ खाली दहा-बारा पासपोर्ट फोटो. एकीने टोपी घातलेला, बाकीच्यांचे आधार कार्डावरचे वाटतील असे. हा फ्लेक्स लक्षात ठेवा.

शिकवतात त्या मॅडम महापालिकेतून निवृत्त झालेल्या पब्लिक हेल्थ नर्स. साठीच्या पुढच्या, कॉटनची साडी, खांद्यावर शबनम, पायात बाटाची चप्पल. आयुष्य गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत घरोघरी फिरण्यात गेलेलं. त्यांना आम्ही दुसऱ्याच रविवारी ‘पैकी मॅडम’ नाव ठेवलं, कारण कुणीही काहीही आकडा सांगितला की त्या मान तिरकी करून एकच शब्द विचारतात, ‘‘पैकी?’’

पहिल्या दिवशी मीच सापडले. ओळख करून देताना म्हणाले, यंदा आमच्या वॉर्डात डेंग्यू खूप वाढलाय, गेल्या आठवड्यात चौदा होते.

‘‘पैकी?’’

‘‘पैकी म्हणजे?’’

‘‘म्हणजे सिस्टर, किती ॲडमिशनपैकी चौदा? गेल्या वर्षी याच आठवड्यात किती होते? तुमच्या वॉर्डाच्या खाटा वाढल्या का? शेजारचा वॉर्ड दुरुस्तीला काढलाय का?’’

शेजारचा वॉर्ड दुरुस्तीला काढलेला होता. त्यांचे पेशंट आमच्याकडे येत होते. मी खाली बसले. मागच्या बाकावरच्या वीस वर्षांच्या पोरी हसल्या. त्या मला पहिल्या तासापासून ‘मावशी’ म्हणत होत्या, त्याचा राग वेगळा.

पण खरं सांगते, सगळा क्लास त्या एका शब्दात आहे. अंश आणि छेद आपण पाचवीत शिकलो. आजारी किती हा अंश झाला. आजारी पडू शकले असते असे किती, हा छेद. आपण नर्स लोक जन्मभर अंशातच राबतो, कारण खाटेवर पडलेला माणूस तेवढा आपल्याला दिसतो. घरी राहिलेला, न आजारी पडलेला, दिसत नाही. मॅडमचं म्हणणं, साथरोगशास्त्र म्हणजे त्या न दिसणाऱ्या माणसालाही मोजायचं. (आणि ‘साथरोग’ या शब्दाला फसू नका, असंही त्यांनी बजावलं. मधुमेह, आत्महत्या, लोकलखाली येणारी माणसं, सगळं यात येतं. मराठीत ‘रोगपरिस्थितीविज्ञान’ असा जरा बरा शब्द आहे, पण तो कुणाच्या तोंडात बसत नाही.)

दुसऱ्या रविवारची बासुंदी तर मी घरी, वॉर्डात, माहेरी सगळीकडे सांगून झालीय. मॅडमनी फळ्यावर गणपतीच्या महाप्रसादाचं गणित मांडलं. रचलेलं आहे, आधीच सांगितलं त्यांनी. सोसायटीत ७५ जण जेवले, रात्रीपर्यंत ३३ जणांना उलट्या. आजारी पडलेल्यांना विचारलं काय खाल्लं, तर ३१ जण म्हणाले मसालेभात, ३० जण म्हणाले बासुंदी. दोषी कोण?

अर्धा वर्ग ओरडला, मसालेभात. ३१ जास्त आहेत ना!

मॅडमनी खडू बाजूला ठेवला, पदर खोचला आणि जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडे गेल्या. मसालेभात एकूण ७० जणांनी खाल्लेला, त्यातले ३१ आजारी, म्हणजे शंभरातले ४४. न खाल्लेले ५, त्यातले २ आजारी, म्हणजे ४०. खाल्लं काय, न खाल्लं काय, सारखंच. बासुंदी खाल्ली ५० जणांनी, ३० आजारी, शेकडा ६०. बासुंदी न घेणारे २५, त्यातले फक्त ३ आजारी, शेकडा १२. साठ भागिले बारा, पाच. बासुंदी खाणाऱ्याला धोका पाचपट. यालाच रिलेटिव्ह रिस्क म्हणतात, आणि शेकड्यात काढलेले ते आकडे म्हणजे अटॅक रेट. मसालेभात सगळ्यांनीच खाल्ला होता म्हणून आजाऱ्यांच्या तोंडीही तोच जास्त आला, एवढंच.

मग प्रश्नांची माळ लागली. जेवणानंतर किती तासांनी उलट्या? दोन-तीन तासांत झाल्या असतील तर स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष आधीच तयार होऊन बसलेलं. जंतूला पोटात वाढायला वेळ लागतो, तयार विषाला लागत नाही. वाढणाऱ्याच्या बोटाला गळू होतं का? दूध आटवून झाल्यावर पातेलं किती वेळ मांडवात उघडं होतं? आणि गार झालेल्या भातातही असं विष तयार करणारा जंतू असतो, तेव्हा मसालेभातावर संशय घेणं मूर्खपणाचं नव्हतं, आकड्यांनी तो सुटला. बासुंदी न खाता आजारी पडलेले ते तिघं कोण? विरारच्या मुलीने हात वर केला, ‘‘मॅडम, डाएटवाले. चमचाभर खाल्ली असणार, आता आठवत नसेल.’’ वर्ग हसला, पण मॅडम म्हणाल्या, बरोबर, आणि आठवून सांगताना होणारी चूक त्यांनी तिथेच शिकवून टाकली. रिकॉल बायसची व्याख्या मी आता विसरणं शक्य नाही, कारण माझ्या सासूबाई त्या तिघांपैकी एक शोभतील.

याच विरारच्या मुलीने इन्सिडन्स (नवे रुग्ण) आणि प्रेव्हलन्स (नवे-जुने सगळे रुग्ण) मॅडमपेक्षा सोपं केलं. पुस्तकात हौद, तोटी, गळती असं काहीतरी असतं. ती म्हणाली, ‘‘लेडीज डबा घ्या ना मॅडम. दादरला जितक्या चढल्या त्या इन्सिडन्स. आत ज्या आधीपासून कोंबलेल्या आहेत, त्या धरून सगळ्या मिळून प्रेव्हलन्स.’’

‘‘आणि उतरतात त्या?’’

‘‘बऱ्या झालेल्या.’’

‘‘किंवा?’’

कुणी बोलेना. मग माझ्या शेजारची म्हणाली, ‘‘किंवा गेलेल्या.’’

‘‘हं. आता सांगा, विरार फास्टला गर्दी का हटत नाही?’’ कारण बसलेली बाई बोरिवलीपर्यंत उठतच नाही. लांबचा प्रवास. मधुमेह म्हणजे विरार फास्ट, जुलाब म्हणजे दादरला चढून माटुंगा रोडला उतरणं. रोज चढणाऱ्या तेवढ्याच असल्या तरी प्रवास लांबला की डबा भरतो. प्रेव्हलन्स बरोबर इन्सिडन्स गुणिले आजाराचा काळ, हे सूत्र (परिस्थिती स्थिर असेल तर, हे शेपूट विसरू नका, व्हायवात विचारतात) मला त्या दिवशी पहिल्यांदा सूत्र वाटलं नाही. आणि त्यातून निघणारी गंमतही: औषधं चांगली निघाली, एचआयव्हीचे पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले, तर प्रेव्हलन्स वाढतं. वाढलेला आकडा दर वेळी वाईट बातमी नसतो. बारा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा रविवार बाहेरचा. हा भाग त्यांच्या पत्रकात ‘फील्ड व्हिजिट’ म्हणून छापलाय. सकाळी आठला मस्जिद स्टेशन. चाळीस मुली, तीन मुलगे आणि मॅडमची शबनम. तिथून चालत मांडवी. मी मुंबईत जन्मले, पण मांडवीत लग्नाच्या मसाल्याशिवाय कधी गेले नव्हते. रविवारीही हातगाड्या, मिरचीचा ठसका, गोदामांच्या लोखंडी दारांवर जुने क्रमांक. मॅडम एका बंद गोदामासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, इथेच आसपास. सप्टेंबर १८९६. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी इथल्या रुग्णांच्या जांघेतल्या गाठी बघितल्या आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे म्हणून सांगितलं. बंदर, धान्याची कोठारं, उंदीर, आणि वर माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. कारक (आजार करणारा जंतू), यजमान (ज्याला आजार होतो तो), पर्यावरण हा त्रिकोण वहीत काढताना तीन टोकांना तीन शब्द लिहितो आपण. इथे उभं राहिलं की तिन्ही एका इमारतीत दिसतात: खाली कोठार, वर बिऱ्हाड, मध्ये लाकडी तक्तपोशी.

सरकारने तेव्हा काय केलं? गटारं धुतली, घरं चुन्याने पोतारली, कार्बोलिक ओतलं, माणसं उचलून छावण्यांत नेली, आणि १८९७ चा साथरोग कायदा आणला, तोच जो आपण २०२० मध्येही वापरला. उंदरापासून प्लेग पुढे नेणारी पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवला तो १८९८ मध्ये, आणि तोही लोकांनी लगेच मानला नाही. तोवर धुतलेल्या घरातला उंदीर शेजारच्या घरात. मॅडम म्हणाल्या, ‘‘त्यांनी मेहनत कमी केली नाही. चुकीच्या टोकाला केली.’’ पुण्यात याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७. हे सांगून त्या क्षणभर गप्प राहिल्या, आम्हीही राहिलो, मागून हमाल ‘‘बाजू बाजू’’ करत आला म्हणून हललो.

मग आला छेद. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या घरात, १९०१ साली ७ लाख ७६ हजार. मेले ते मेलेच, पण प्लेग सुरू झाल्यावर लोक बोटीने, गाडीने, चालत गावी पळाले, काही परत आले, पुन्हा साथ, पुन्हा पळाले. आता सांगा, १८९७ सालचा मुंबईचा मृत्युदर काढायचा तर भागायचं कशाने? जनगणनेच्या आकड्याने भागलं तर जे शहरात नव्हतेच त्यांनाही धरलं, आणि दर खरा होता त्यापेक्षा कमी दिसणार. वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या धरा हे वाक्य नोट्सच्या पान ४ वर आहे. का धरा, ते मांडवीच्या फुटपाथवर कळलं. लॉकडाऊनमध्ये माझी अर्धी चाळ कोकणात गेली होती. त्या वेळी आमच्या भागाचे जे दर छापून येत, त्यांच्या खाली कोणता आकडा होता कुणास ठाऊक.

तिथून बसने परळ. हाफकिन संस्थेत आत जायचं नियोजन नव्हतं, रविवार होता, आम्ही आचार्य दोंदे मार्गावर फाटकाबाहेर उभं राहून ऐकलं. हे क्लासने नीट करायला हवं. एखादा शनिवार ठरवून रीतसर पत्र दिलं असतं तर पोरींनी काहीतरी पाहिलं असतं. असो. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार केली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना. ज्यांनी टोचून घेतली आणि ज्यांनी नाही, अशा दोन्हींची मोजदाद ठेवली. एकाच कोंडवाड्यातली, एकच जेवण जेवणारी माणसं, फरक सुईचा. मॅडमनी इथे एका मुलाला पकडलं: ‘‘स्वतःहून पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी, हे सारखे असतात का रे?’’ तो बिचारा वडापाव खात होता. प्रयोगशाळा परळच्या या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ ला आली आणि १९२५ ला तिला हाफकिन यांचं नाव मिळालं, एवढं लिहून घेऊन आम्ही पांगलो. मेगाब्लॉकमुळे भांडुपला पोचायला मला तीन वाजले. रविवारचा क्लास आणि मध्य रेल्वे यांचं वैर आहे, हे डोंबिवलीकडच्यांनी धरून चाला.

लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचं इतकंच सांगते. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, हँडल काढलं, कॉलरा थांबला, इतकं सगळ्यांना पाठ असतं. मॅडमनी पंपावर दोन मिनिटं घालवली आणि ज्यांना कॉलरा झाला नाही त्यांच्यावर अर्धा तास. पंपाच्या जवळच बिअरचा कारखाना होता, तिथले कामगार बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती, त्यांना काही झालं नाही. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली, तिच्या आसपास कुणालाही नाही. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती तिथून मागवायची. पंपाजवळ असून वाचलेले आणि पंपापासून लांब असून गेलेली, या दोन टोकांनी स्नोचं म्हणणं उभं राहतं. आणि ८ सप्टेंबरला हँडल काढलं तेव्हा साथ आधीच ओसरत होती, हेही त्यांनी लपवलं नाही. जंतू कोणता हे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने दाखवायला अजून तीसेक वर्षं होती. कारण हाती नसतानाही वाट अडवता येते, हे नर्सला जास्त कामाचं.

नाइटिंगेलबाईंच्या दिव्याबद्दल आपण शपथेपासून ऐकतो, त्यांनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा पाकळ्यांसारखा आलेख काढला हे मात्र वर्गात तिघींनाच माहीत होतं. जखमांनी कमी मेले, टाळता येण्याजोग्या आजारांनी जास्त. पाच मिनिटांत झालं हे. मला अजून हवं होतं.

चौथ्या रविवारी गोवर. वर्गातल्या एका मुलीचं २०२२ च्या शेवटी गोवंडीत पोस्टिंग होतं, साथ जोरात होती तेव्हा. ती म्हणाली, लोक दारातच अडवायचे, म्हणायचे, आमच्या गल्लीत लस घेतलेल्या पोरांनाही झाला, मग तुमची लस कशाला? मॅडम म्हणाल्या, मांड फळ्यावर. समज गल्लीत १०० मुलं. ९० ना लस, १० ना नाही. लस दहातल्या नऊ जणांना वाचवते असं धर, आणि साथ सगळ्या घरांत शिरली असं धर. लस न घेतलेले दहाही आजारी. लस घेतलेल्या नव्वदातले नऊ आजारी. एकूण १९, त्यातले नऊ लसवाले. जवळपास निम्मे! बाई दारात उभी राहून जे बघते ते खरंच आहे. फक्त तिला आजारी असलेले १९ दिसतात, न झालेली ८१ दिसत नाहीत, आणि ती सगळीच्या सगळी लस घेतलेली आहेत. मुलगी फळ्यासमोर खडू धरून उभी राहिली. म्हणाली, ‘‘हे तेव्हा माहीत असतं तर मी सांगितलं असतं मॅडम. मी नुसती ‘घ्या हो ताई, घ्या’ करत होते.’’

आता तक्रारी.

बॅच पंचवीसची सांगितली होती, आम्ही त्रेचाळीस होतो. पंखे दोन, त्यातला एक घरघरतो. पहिला रविवार वगळता वेळेवर सुरू झालं नाही. नोट्स टाइप करणाऱ्याने कुणालाही दाखवलेल्या नाहीत. सेकंडरी अटॅक रेटच्या (पहिल्या पेशंटमुळे घरातल्या बाकीच्यांपैकी किती जणांना लागण झाली, त्याच्या) उदाहरणात घरातला पहिला पेशंटही छेदात धरलाय, जे चूक आहे. घरात सहा जण, एकाला कांजिण्या, उरलेल्या पाचांतल्या दोघांना लहानपणी होऊन गेलेल्या, म्हणजे धोक्यात तिघंच. त्यातल्या दोघांना पहिल्यापासून लागण होण्याच्या काळात झाल्या तर तीनपैकी दोन, ६७ टक्के. नोट्समध्ये सहापैकी दोन करून ३३ काढलंय. मी मॅडमना दाखवलं, त्यांनी कपाळाला हात लावला, पण पुढच्या बॅचच्या झेरॉक्स तशाच निघाल्या असतील असा मला दाट संशय आहे. पेनाने दुरुस्त करून घ्या.

पाचवा रविवार पावसात गेला. रेड अलर्ट होता, रद्द करणं बरोबरच. पण बदली तास बुधवारी रात्री नऊला ऑनलाइन घेतला आणि माझी नाइट होती. रेकॉर्डिंगची लिंक दोन दिवसांत बंद. सरांना विचारलं तर ‘‘तशी पॉलिसी आहे’’. त्या तासात ऑड्स रेशो झाला, म्हणजे केस-कंट्रोल अभ्यासात धोका मोजायचा आकडा. तो मला आजही डळमळीत आहे, आणि ज्या बसल्या होत्या त्यांनाही कळलेला नाही, म्हणजे दोष माझ्या नाइटचा नाही. केस-कंट्रोल म्हणजे आजाऱ्यापासून मागे जाणं, कोहोर्ट म्हणजे सवयीपासून पुढे जाणं, इतपत नोट्सवरून जमतं.

मॅडमचं मात्र कौतुक हे की त्या पावसाच्या रविवारी दुपारीच ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: जे पाण्यातून चालत गेलेत त्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, पायाला जखम असेल तर आजच. आणि खाली गृहपाठ: लेप्टोचा (उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा, २ ते ३० दिवस, तर २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पेशंट कधी वाढले असतील? तारखा मांडा. मी वॉर्डात ड्यूटीच्या मधल्या वेळात मांडल्या. ऑगस्ट. त्या वर्षी मी अकरावीत होते, ऑगस्टमध्ये आमच्या शेजारचे काका गेले होते, घरात सगळे म्हणत होते तापाने गेले.

स्क्रीनिंगचा (लक्षणं नसलेल्यांची टेस्ट करून आजार शोधण्याचा) भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. तो मी घरी डायनिंग टेबलवर नवऱ्याला समोर बसवून सोडवला. १००० माणसं, आजार १० जणांना. टेस्ट आजारी माणसाला शंभरात ९० वेळा पकडते, निरोगी माणसाला शंभरात ९० वेळा सोडते. दहातले ९ सापडले. पण निरोगी ९९० मधले ९९ फुकट अडकले. पॉझिटिव्ह १०८, खरे ९. नवरा म्हणाला, ‘‘म्हणजे तिकीट चेकरने १०८ जण धरले आणि ९ विनातिकीट निघाले? लोक मारतील त्याला.’’ तीच टेस्ट, पण आजार दोनशे जणांना असेल तर पॉझिटिव्ह २६०, त्यातले खरे १८०. टेस्ट बदलली नाही, माणसं बदलली. हे क्लासमध्ये व्हायला हवं होतं. कंडक्टरने समजावायला लागू नये.

प्रतिबंधाच्या पातळ्या, आजाराचा नैसर्गिक इतिहास, आयडीएसपीचे (सरकारच्या रोग-सर्वेक्षण कार्यक्रमाचे) एस, पी, एल फॉर्म हे ठीक. एस आरोग्यसेविकेचा, पी डॉक्टरचा, एल प्रयोगशाळेचा. ज्यांनी भरलेत त्यांना नवं काही नाही. मी फक्त हे सांगेन की आमच्या वॉर्डातून दर आठवड्याला जो तक्ता जातो, तो मी इतकी वर्षं चहा घेत भरत होते. आता चहा निवतो.

कुणी जावं? पाठांतरावर पास व्हायचं असेल तर नको, त्यासाठी त्या दुसऱ्या क्लासचे सर आहेत. वॉर्डात काही वर्षं काढलेल्यांनी जरूर जावं. अगदी नव्या मुलींना पहिले दोन रविवार जड जातील, पण टिकून राहा. कॅल्क्युलेटर आणा, मोबाइल दारात जमा करतात. मधल्या सुट्टीत खालच्या गल्लीत मिसळ मिळते, ती तिखट आहे. तारे द्यायचे तर मॅडमना पाच, क्लासला अडीच.

आणि तो फ्लेक्स. शेवटच्या रविवारी मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका? मी उठले. म्हटलं, ‘‘मॅडम, जिन्यात लिहिलंय १८७ उत्तीर्ण. पैकी?’’

वर्ग फुटला. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, मला काय विचारता, केबिनमध्ये सर बसलेत. सर्टिफिकेट घेताना मी खरंच विचारलं. सर म्हणाले, ‘‘मॅडम, आपला रिझल्ट उत्तम असतो.’’ किती बसल्या होत्या, सर? ‘‘भरपूर.’’ नापास झालेल्यांचे फोन येतात का? ‘‘त्यांचा काही कॉन्टॅक्ट राहत नाही.’’

गेल्या आठवड्यात भाजीला दादरला उतरले होते, मुद्दाम जिन्यापर्यंत गेले. फ्लेक्स नवा लावलाय. २१४ झालेत. माझा फोटो दुसऱ्या ओळीत आहे, आधार कार्डावरचा.